कागदी नकाशा, प्लॉटर की मोबाइल? आधी भरतीचं कोष्टक घ्या

मांडव्याहून मुरूड, हर्णै, जमलंच तर मालवणपर्यंत स्वतःची बोट न्यायची ठरली की पहिल्याच हंगामात प्रश्न पडतो, नकाशा कुठला घ्यायचा? दुकानदार प्लॉटर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर बोटीची जागा दाखवणारा, बोटीत बसवायचा पडदा पुढे करतो, मित्र मोबाइलवरचं अ‍ॅप. जुना तांडेल (बोट हाकणारा मुरलेला खलाशी) दोघांकडे बघून नुसता हसतो.

कागदी नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. खांदेरीपासून कोरलईपर्यंतचा किनारा, दीपगृहं, खडप (पाण्यातले खडक), सगळं एका नजरेत येतं आणि बॅटरी लागत नाही. पण २० फुटी बोटीत तो पसरायचा कुठे? शिवाय दुरुस्त्यांची पत्रकं बघून त्यावर हातानं खुणा कराव्या लागतात. ते कोणी करत नाही, मीही नियमित करत नाही. जुना नकाशा हाती आला तर त्यावर डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतो ती अक्षांश-रेखांशांची पद्धत, लिहिलंय का बघा. नसेल तर जीपीएसची जागा त्यावर नीट बसत नाही.

प्लॉटर उन्हातही दिसतो, खोलीमापक जोडता येतो. फसगत होते ती झूममध्ये. चित्र मोठं केलं म्हणून सर्वेक्षण बारीक होत नाही, आणि लहान केलं की एखादा खडक पडद्यावरून गायबच होतो.

मोबाइल सगळ्यात स्वस्त. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंज नसतानाही चालतो. ओल्या बोटांना मात्र जुमानत नाही. माझा एकदा एप्रिलच्या दुपारी तापून बंद पडला, तोही खाडीच्या तोंडाशी. गुगल मॅपवर विसंबणाऱ्यांना एवढंच सांगतो, त्यात पाण्याची खोली नसते.

तिन्हींत खोलीचा आकडा असतो तो साधारण सर्वांत खालच्या ओहोटीचा. आत्ता किती पाणी आहे, हे भरती धरल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझ्या मते पहिला खर्च भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकावर करावा. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास. मुंबईकडे हा ठोकताळा बरा जमतो, तळकोकणात भरती त्याआधी लागते. उंचीही सारखी नसते. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. आणि ते एकसारखं चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं चढून जातं.

बाणकोट किंवा दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी यातलं काहीच पुरत नाही. दर पावसाळ्यात वाळू जागा बदलते. तिथे गावातल्या माणसाला विचारा आणि चढत्या पाण्यावरच शिरा. रुतलात तरी पाणी उचलून घेईल.

दिवसाउजेडी फिरणार असाल तर कोष्टक, मोबाइल आणि साधं होकायंत्र पुरे. रात्री जायचं असेल किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांत शिरायचं असेल, तर प्लॉटर घ्या आणि कागदी नकाशा गुंडाळून का होईना, सोबत ठेवा. जुना प्लॉटर घेतलात तर खोली कशात दाखवतो, मीटरमध्ये की फुटांत, ते आधी तपासा. माझ्या प्लॉटरच्या आधीच्या मालकानं तो फुटांवर लावला होता. पडद्यावर ३ दिसले आणि मी निवांत बसलो होतो.