विनिपेगमध्ये एक नाट्यहंगाम : वापरानंतरचा अनुभव

कॅनडातल्या विनिपेगला राहायला येणाऱ्या नाटकवेड्या मराठी माणसाला मी पहिली गोष्ट सांगेन: थंडी सुरू व्हायच्या आत हंगामाचं तिकीट, म्हणजे वर्षातल्या सगळ्या नाटकांचं एकत्र, काढून टाका. सुटी तिकिटं बघू पुढे, असं म्हणालात तर जानेवारीत उणे तीस तापमानात पाय घराबाहेर पडत नाही. पैसे भरलेले असले की माणूस निमूट बूट चढवतो. आम्ही ऑक्टोबर ते मे असा पूर्ण हंगाम काढला, त्यानंतर हे लिहितेय.

आमचं तिकीट रॉयल मॅनिटोबा थिएटर सेंटरचं होतं. जॉन हर्श आणि टॉम हेंड्री यांनी १९५८ मध्ये दोन स्थानिक मंडळ्या एकत्र करून ही संस्था उभी केली. हर्श मूळचे हंगेरीचे, महायुद्धात घरचे सगळे गमावून पोरके होऊन इथे आलेले. बाहेरून येणाऱ्या दौऱ्यांवर न विसंबता शहराने स्वतःची व्यावसायिक नाटकं स्वतः करायची, हा त्यांचा ध्यास. पुढे कॅनडातल्या बऱ्याच शहरांनी हाच नमुना उचलला. १९७० मध्ये उघडलेली इमारत बाहेरून नुसतं उघडं काँक्रीट आहे, पण आत गेल्यावर कळतं की बांधणाऱ्यांनी सगळा विचार प्रेक्षकाचा केलाय. खुर्च्या आठशेच्या आत. आमची जागा बरीच मागे होती, तरी नटाच्या कपाळावरची आठी दिसायची. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेवर दर महिन्याला इतकी मेहनत घेतलेली मी प्रथमच पाहिली. पाच-सहा नाटकांत एखादं फिकं निघतंच, ते धरून चालावं.

एकदा हिमवादळात निघता आलं नाही, तर फोनवर तारीख बदलून मिळाली. ही सोय सुट्या तिकिटाला असेलच असं नाही, काढताना विचारून घ्या. आणखी एक: दुसऱ्या एका कार्यक्रमासाठी आम्ही पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावरून तिकिटं घेतली आणि वरचं शुल्क पाहून हळहळलो. तिकीट नेहमी नाट्यगृहाच्या स्वतःच्या खिडकीवरून किंवा त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावं.

जवळच सेंटेनियल कॉन्सर्ट हॉल आहे, १९६८ चा, दोन हजारांवर आसनांचा. रॉयल विनिपेग बॅले, सिंफनी आणि ऑपेरा तिथेच होतात. हिवाळ्यात सासूबाई आल्या होत्या. इंग्रजी संवाद त्यांना झेपत नाहीत, म्हणून त्यांना डिसेंबरातल्या बॅलेला नेलं. बाहेर पडताना म्हणाल्या, "अगं, एक शब्द नाही, पण सगळं कळलं." घरची वडीलधारी माणसं भेटीला येणार असतील तर तेव्हा खर्च इथेच करा.

जुन्या वास्तूंत मला बर्टन कमिंग्ज थिएटर महत्त्वाचं वाटतं. १९०७ मध्ये ते वॉकर थिएटर म्हणून उघडलं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या नेली मॅक्लंग आणि तिच्या मैत्रिणींनी जानेवारी १९१४ मध्ये याच रंगमंचावर लुटुपुटीची संसद भरवली. मतदानाचा हक्क बायकांकडे, आणि पुरुष अर्ज घेऊन दारात उभे! प्रेक्षक हसून लोटपोट झाले. दोन वर्षांनी, जानेवारी १९१६ मध्ये, मॅनिटोबा प्रांतात (विनिपेग याच प्रांतात) स्त्रियांना मताधिकार मिळाला, कॅनडात सर्वांत आधी. आता तिथे मुख्यतः गाण्याचे कार्यक्रम होतात. त्या प्रेक्षागृहात बसले तेव्हा माझं निम्मं लक्ष गाण्यात नव्हतंच.

जुन्या नाट्यगृहांत वरच्या बाल्कनीत गुडघे अडतात, उंच माणसाने कडेची खुर्ची मागावी. जाड कोट ठेवायला द्यावेत, मांडीवर घेऊन दोन तास बसवत नाही.

जुलैतला फ्रिंज, म्हणजे छोट्या प्रयोगांचा महोत्सव मात्र हंगामाच्या तिकिटात येत नाही. १९८८ पासून रॉयल मॅनिटोबा थिएटर सेंटरच तो भरवते. कोण प्रयोग करणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं आणि तिकिटाचे पैसे कलावंतांच्या हातात जातात. एकदा दार बंद झालं की उशिरा येणाऱ्याला प्रवेश नाही. तासाभराचे प्रयोग, स्वस्त तिकिटं. एकांकिका स्पर्धांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना इथे घरी आल्यासारखं वाटेल.

मराठी नाटकाची तहान यातल्या कशानेच भागत नाही, तेही खरंच.

पुढच्या हंगामाचं तिकीट आम्ही काढलंय. यंदा शुक्रवारऐवजी गुरुवार घेतला, आणि सेंट बोनिफेस या शहरातल्या फ्रेंच वस्तीतल्या ल सर्कल मोलिएर या नाट्यसंस्थेची दोन फ्रेंच नाटकंही जोडीला घेतली. ती मंडळी १९२५ पासून नाटकं करतायत.