अनुदानाच्या नावाखाली माणशी ५,९०० रुपये

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद-मसाल्याच्या कारखान्यात हिशेब बघतो. गेल्या वर्षी 'कामगारांना डिजिटल प्रशिक्षण' म्हणून आमच्या मालकांकडून ७०,८०० रुपये उकळले गेले. हाच प्रकार मिरज आणि पलूसकडेही झाल्याचं कानावर आलंय, म्हणून लिहितोय.

गरज खरी होती. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ऑनलाइन ऑर्डर घ्यायची, ई-वे बिल (गाडीतून माल पाठवताना लागणारा ऑनलाइन कागद) काढायचं, एक्सेलमध्ये स्टॉक ठेवायचा म्हटलं की सगळं माझ्याच टेबलावर. मी रजेवर गेलो की भरलेली गाडी गेटवर उभी. प्रशिक्षण द्यायला म्हणून एक माणूस आला, त्यानं हीच नस धरली.

गळ्यात ओळखपत्र, फाइलवर डिजिटल इंडियाचं चिन्ह. बसायच्या आधीच मालकांना 'आण्णा' म्हणायला लागला. "आण्णा, माणसं शिकवली नाहीत तर बाहेरचे तुमचं गिऱ्हाईक नेणार. केंद्राची योजना आहे. माणशी ५,००० आणि १८ टक्के जीएसटी आत्ता भरा, अनुदान तीन महिन्यांत तुमच्या उद्यम नंबरवर जमा."

योजनेचं नाव विचारलं तर म्हणाला, पीएमजीदिशा, म्हणजे केंद्राची ग्रामीण डिजिटल साक्षरता योजना. आता हे नीट वाचा. ती योजना २०१७ मध्ये आली होती, पण गावाकडच्या घरटी एका माणसासाठी. २० तासांची आणि शिकणाऱ्याला फुकट. ३१ मार्च २०२४ ला ती संपली. कारखान्याच्या कामगारांशी तिचा संबंधच नव्हता. आणि उद्यम ही लहान-मध्यम उद्योगांची नुसती नोंदणी आहे, तीही मोफत; तो काही बँक खात्याचा नंबर नव्हे.

बारा जणांची बॅच बसली. प्रोजेक्टरवर यूट्यूबचे हिंदी व्हिडिओ. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं नाव नाही, ई-वे बिलाचं नाव नाही. आमच्या पॅकिंगच्या मावशी फोनवर भिशीचा हिशेब चोख ठेवतात, त्यांना हा माऊस धरायला शिकवत होता! दुपारच्या चहापर्यंत प्रमाणपत्रं वाटून मोकळा. त्यातही दोघांची आडनावं चुकलेली. घाई होती ती फोटोंची आणि आधारच्या झेरॉक्सची. 'हजेरी' म्हणून एका छोट्या यंत्रावर अंगठेही घेतले. मला पैशांपेक्षा त्या अंगठ्यांची धास्ती जास्त, कारण आधार आणि अंगठ्यावर बँकेतून पैसे निघतात. फसवणूक कळल्यावर पहिलं काम केलं ते एमआधार ॲपवरून सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक करण्याचं.

भांडं फुटलं ते जीएसटीत. त्याचं बिल आमच्या २बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत, येईना. जीएसटीच्या वेबसाइटवर त्याचा नंबर टाकला तर नोंदणी कधीच रद्द झालेली! म्हणजे १०,८०० रुपयांचा कर त्यानं सरळ खिशात घातला आणि आमचं क्रेडिटही (भरलेल्या कराची वजावट) गेलं. पैसे ज्या खात्यात गेले ते बिलावरच्या संस्थेचं नव्हतंच, एका माणसाचं बचत खातं होतं. तोवर फोन बंद.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार केली, पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली लेखी अर्ज दिला. ग्राहक आयोगाचं वकिलांना विचारलं तर म्हणाले, सेवा धंद्यासाठी घेतलेली, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा घेणाऱ्याला सहसा ग्राहक धरत नाहीत. १९३० ला पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच रक्कम अडकवता येते. आमचे तोवर काढून झाले होते.

तुमच्याकडे कुणी आलं तर पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी नंबर मागा आणि तो समोर बसलेला असतानाच तपासा. खातं संस्थेच्या नावावर नसेल तर चहा पाजून वाटेला लावा. योजना खरी आहे का, हे जिल्हा उद्योग केंद्रात नाहीतर कौशल्य विकास कार्यालयात विचारलं तर फुकट कळतं. स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर मोफत कोर्स आहेत. आमची दोन पोरं तिथूनच शिकतायत. ई-वे बिल मी रविवारी शिकवतो.

तो माणूस हल्ली साताऱ्याच्या एमआयडीसीत फिरतोय असं एका ट्रान्सपोर्टवाल्यानं सांगितलं. योजनेचं नाव आता दुसरं घेतो म्हणे.