तीन दिवस गप्प बसण्याचे ३,२०० रुपये

रिट्रीटच्या, म्हणजे प्रार्थना आणि मौनाच्या शिबिराच्या, पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये कोणीतरी "सिस्टर!" अशी हाक मारली आणि आम्ही दोघी एकदम वळलो. एक मठातल्या सिस्टर, दुसरी मी, गेली सत्तावीस वर्षं वॉर्डात हीच हाक ऐकणारी. हवं होतं मीठ. मी उठून दिलंही. तेव्हा मठातल्या सिस्टर म्हणाल्या, "मैडम, यहाँ आपकी ड्यूटी नहीं है." बरं वाटलं नाही, खरं सांगते.

मी इंदुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात मेट्रन आहे. कार्डावर नर्सिंग सुपरिंटेंडेंट लिहिलंय, पण लिफ्टमनपासून मालकांपर्यंत सगळे मेट्रनच म्हणतात. हाताखाली दीडशेच्या आसपास स्टाफ. शिवाय चर्चच्या कमिटीची सेक्रेटरी, म्हणजे नाताळच्या केकपासून कब्रस्तानाच्या कुंपणापर्यंत सगळे फोन मलाच. डिसेंबरात माझं बीपी १६०/१०० निघालं. आमच्याच डॉक्टरांनी गोळी लिहिली आणि पास्टरांनी या रिट्रीटचं पत्रक हातात ठेवलं. 'नेतृत्व करणाऱ्यांसाठी साधना', शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, राहणं-जेवण धरून ३,२०० रुपये, एका खोलीत दोघी. जागेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि ती माणसं भली आहेत. खंडवा रस्त्याला, शहर संपल्यावर, एवढं पुरे.

जागा कॅथलिकांची. आम्ही प्रॉटेस्टंट. माझी आजी नगरहून लग्न होऊन इंदुरात आली (ते नगर आता आमच्या अहिल्याबाईंच्या नावानं अहिल्यानगर झालंय, आजी असती तर खूश झाली असती), ती म्हणाली असती, रोमन लोकांकडे कशाला गं? पण तिथे आलेल्या अठरा जणांत निम्मे तरी आमच्यासारखेच होते. शाळांचे प्रिन्सिपल, दोन पाळक, एक बँकेतले, एक धान्याचे व्यापारी. सगळ्यांचे चेहरे नाइट ड्यूटी उतरल्यासारखे.

सोयींबद्दल. खोली स्वच्छ, गादी पातळ, गरम पाणी सहा ते सात. सकाळी कचरागाडीचं गाणं नाही, म्हणून पहिल्या दिवशी मला जागच आली नाही. फोन आल्या आल्या जमा करायचे, स्टीलच्या डब्यात, वर नावाची चिठ्ठी. मी हुज्जत घातली. हॉस्पिटल आहे, बंद कसा ठेवू? सिस्टरांनी शांतपणे ऑफिसच्या लँडलाइनचा नंबर दिला आणि म्हणाल्या, हा तुमच्या माणसांना द्या, रात्रंदिवस कोणीतरी उचलेल. ही व्यवस्था चोख होती, पुढे कळेलच.

आता मुख्य तक्रार. शनिवारच्या वेळापत्रकात सकाळी सहा ते रात्री नऊ सात सत्रं. हॉलच्या भिंतीवर 'शांत राहा' असं स्तोत्रातलं वचन आणि त्याखाली घंटा घेतलेला एक मुलगा, दर पन्नास मिनिटांनी हाकलायला. माझी ओपीडी बरी. मुख्य वक्ते बाहेरगावचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या स्लाइड त्र्याऐंशी. मी मोजल्या, कारण दुसरं काही होत नव्हतं.

माझं भांडण त्यांनी सांगितलेल्या मार्कच्या शुभवर्तमानाशी आहे. सहाव्या अध्यायात शिष्य दमून आलेत, माणसांची ये-जा इतकी की जेवायलाही सवड नाही, तेव्हा येशू त्यांना म्हणतो, एकांतात चला, जरा विसावा घ्या. वक्त्यांनी इथे तळ्याचा फोटो दाखवला आणि पुढे गेले. अहो, पण पुढे काय होतं? होडी किनाऱ्याला लागायच्या आत लोक पायी धावत तिथे पोचलेले! विसावा राहिला बाजूला, पाच हजारांची पंगत बसली. हे माझं रोजचं आयुष्य आहे. येशू चिडत नाही, त्याला लोकांचा कळवळा येतो, ते आहेच. पण सगळं उरकल्यावर तो शिष्यांना होडीत बसवून पुढे धाडतो, लोकांना निरोप देतो आणि प्रार्थनेला एकटा डोंगरावर जातो. मला त्या निरोपाबद्दल ऐकायचं होतं. लोकांना परत कसं पाठवतात? त्यावर स्लाइड नव्हती.

दुपारचं सत्र मीठवाल्या सिस्टरांचं. त्यांनी बायबलमधल्या 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातला संदेष्टा एलीया सांगितला, दहा मिनिटांत. मोठं काम करून आलेला माणूस ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो, रानात झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, मला ने. देव उपदेश करत नाही. दूत येतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा घडा ठेवतो. एलीया खातो, झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो. मग चाळीस दिवसांची चाल, मग होरेब डोंगर, आणि तो मंद, शांत आवाज त्यानंतर. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी सलाइन, मग समुपदेशन. एवढं सांगून सिस्टर म्हणाल्या, ज्यांना झोप येतेय त्यांनी पुढचं सत्र सोडून झोपावं. मी साडेतीनला पडले ती सहाला उठले. ३,२०० पैकी हजार तरी त्या अडीच तासांचे.

संध्याकाळी फादरनी एक्झामेन शिकवलं, म्हणजे दिवसाची उजळणी. ही सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोलाची देणगी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं त्याचा पाय मोडला, हे फादरनी एका वाक्यात उरकलं. मला राहवेना, चहाला गाठून विचारलं. हाड वेडंवाकडं जुळलं होतं म्हणून पुन्हा मोडून बसवलं, तरी गुडघ्याखाली एक तुकडा वर आलेला दिसे, तो करवतीनं कापून घेतला, भूल वगैरे काही नसताना. कित्येक महिने अंथरुणात. वाचायला मिळाली येशूची आणि संतांची चरित्रं, आणि तिथून हा सैनिक बदलला. त्याच्या साधनेचं मूळ रूप तीस दिवसांचं, पण ज्यांना कामधंदा आणि जबाबदाऱ्या सोडता येत नाहीत त्यांच्यासाठी त्यानंच सोय लिहून ठेवली आहे: आपल्या जागी राहूनच, रोज दीड तास. दीड तासात आमच्याकडे तीन ॲडमिशन होतात. पण उजळणीला पंधरा मिनिटं पुरतात. आभार मानायचे, उजेड मागायचा, सकाळपासूनचा दिवस हळूहळू डोळ्यांपुढून न्यायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, उद्याचं ठरवायचं.

मी डोळे मिटले तर शनिवार काही येईना, शुक्रवारची सकाळच आली. नवी मुलगी, नोकरीचा दुसरा आठवडा, कॅन्युला, म्हणजे सलाइनची सुई, लावताना चाचपडत होती. मी तिच्या हातातून ट्रे काढून घेतला आणि वीस सेकंदांत काम केलं. तेव्हा फक्त पेशंटचा हात पाहिला होता. आता तिचा दिसला. ट्रे गेल्यावरही तसाच वर धरलेला, दोन बोटांना कापसाचा ओला बोळा चिकटलेला. मी तिच्याकडे न बघता पुढच्या बेडला गेले होते.

रविवारी नाश्त्याला सिस्टरांनी एक चिठ्ठी दिली. प्रार्थनेच्या पत्रकाचा फाडलेला कोपरा, त्यावर निळ्या पेननं दोन ओळी. 'रात १०.४०: वार्ड ३ में दो लोग कम, क्या करें?' आणि खाली, '११.०५: हो गया.'

मी भडकले. उठवलं का नाही? सिस्टर म्हणाल्या, "मैंने पूछा था, किसी की जान का सवाल है क्या? बोले नहीं. आप सो रही थीं." मी म्हटलं, ते तुम्ही कसं ठरवणार? त्यावर त्यांनी चहा पुढे केला. हा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. हॉस्पिटलचा फोन आला तर माणसाला उठवावं. पण चिठ्ठी मात्र पर्समध्ये ठेवली. 'हो गया.' पंचवीस मिनिटांत. माझ्या असिस्टंटनं दुसऱ्या मजल्यावरून दोघींना खाली घेतलं होतं, मीही तेच केलं असतं. नऊ वर्षांत तिला हे एकदाही स्वतःहून करू दिलं नव्हतं.

त्या सकाळी एक तास मोकळा होता, आख्ख्या कार्यक्रमातला एकमेव. मागच्या व्हरांड्यात पुस्तकांचं कपाट आहे. त्यात संत बेनेडिक्टची मठासाठी लिहिलेली नियमावली सापडली, सहाव्या शतकातली, ७३ प्रकरणं. एकतिसावं कोठार सांभाळणाऱ्याबद्दल. मठातली सगळी भांडीकुंडी त्यानं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावी, असं त्यात आहे, हे मला फार आवडलं, आमच्या ड्रेसिंग ट्रॉल्यांवर चिकटवावं असं. आणि थोडं पुढे, माणसं जास्त असतील तर त्याला मदतनीस द्यावेत, म्हणजे तोही शांत मनानं काम करील. बायबलमधल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा इथ्रो हेच सांगतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. तीन दिवसांत कोणी इथ्रोचं नावही काढलं नाही. नेत्यांच्या शिबिरात! गुडघे टेकायला शिकवलं, चाव्या द्यायला शिकवलं नाही. प्रार्थना करून मी सोमवारी त्याच रोस्टरवर परतले असते तर बीपी कितीसं उतरलं असतं?

भाषेबद्दल थोडं. सगळं हिंदी आणि इंग्रजीत. चर्चमध्येही आमचं हिंदीच, त्यामुळे अडलं नाही. पण स्तब्धतेत ओठांवर आलं ते आजीच्या 'उपासना संगीता'तलं, म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातलं, नारायण वामन टिळकांचं. अर्धं आठवलं, अर्धं गुणगुणले. शेजारच्या बेडवरच्या बडोद्याच्या बाईंनी उरलेलं पूर्ण केलं. मौनाचा नियम दोघींनी मिळून मोडला, तोही हळू आवाजात.

जेवण साधं, मूगडाळीची खिचडी, कढी, दुधी. शेवटच्या सकाळी पोहे. त्यावर शेव होती, लिंबू होतं, जीरावन, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला, नव्हतं. खंडवा रस्त्यावर, इंदुरापासून एवढ्याशा अंतरावर, जीरावनाशिवाय पोहे म्हणजे काय म्हणावं! व्यापाऱ्यांनी खिशातून पुडी काढली तेव्हा पाळकसुद्धा रांगेत आले.

आज तीन महिने झाले. उजळणी टिकली आहे, आठवड्यातून चारेक रात्री. बिछान्यात करायला गेले की दुसऱ्या मिनिटाला झोपते, म्हणून ड्यूटी संपल्यावर पार्किंगमध्ये स्कूटीवर बसून करते. वॉचमनला वाटतं गाडी चालू होत नाही. दोनदा किक मारून द्यायला आला. नाइटचा रोस्टर आता असिस्टंट करते. पहिल्या महिन्यात तिनं दोन घोळ घातले, मी गप्प बसले, हे त्या तीन दिवसांच्या मौनापेक्षा अवघड होतं. चर्चची सेक्रेटरीकी सोडायची म्हणते, अजून कोणी पुढे येत नाही. बीपी बरं आहे, गोळी चालू आहे. नव्या मुलीची मी माफी मागितली. ती इतकी घाबरली की पुढच्या वेळी मी न बोलताच ट्रे तिच्या हातात दिला.

पाचापैकी साडेतीन. तुमची झोप बाकी राहिली असेल तर जरूर जा, वक्त्यांच्या सत्रांना मागच्या रांगेत बसा आणि कपाट उघडा.

निघताना दिलेल्या फॉर्मवर मी चार गोष्टी लिहिल्या होत्या: सत्रं निम्मी करा, हॉस्पिटलचा फोन आला तर उठवा, इथ्रो घ्या, आणि पोह्यांबरोबर जीरावन ठेवा. गेल्या आठवड्यात सिस्टरांचा मेसेज आला. जीरावन आणलंय म्हणे, अर्धा किलो. बाकी तिन्हींबद्दल अजून काही कळवलेलं नाही.