रेड डेड रिडेम्प्शन २, आठ महिन्यांनंतर: तिसरा भाग नको

हार्ड डिस्क बसली नसती तर हे लिहिलंच नसतं. गेम २०१८ चा, पीसीवर २०१९ ला आला. ग्राफिक्स, घोडे, दीडशे जीबी जागा हे सगळ्यांना माहीत आहे. मी सेलची वाट बघून घेतला आणि आठ महिने दुसऱ्या कुठल्याही गेमवर रुपया घातलेला नाही.

पहिल्यांदा संपवला तेव्हा मलाही तिसरा भाग हवा होता. गेमचा नायक, दरोडेखोर आर्थर मॉर्गन गेला तरी त्याच्या टोळीतली सेडी आहे, चार्ल्स आहे, काढा की त्यांच्यावर! मामेभावाशी यावरून रात्र-रात्र वाद घातलेत.

मग जूनच्या पावसात लाइटचा खेळ सुरू झाला आणि डिस्क गेली. दुकानदाराने डेटा काढायचे साडेचार हजार सांगितले, वर गॅरंटी नाही. तेवढ्यात नवी एसएसडी येते. तीच घेतली, सेव्हवर, म्हणजे साठवलेल्या खेळावर, पाणी सोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

गेमच्या दुसऱ्या प्रकरणात टोळीचा सावकार स्ट्रॉस आर्थरला कर्जवसुलीला पाठवतो. थॉमस डाउन्स, आजारी शेतकरी. आर्थर त्याला बडवतो आणि तो आर्थरच्या तोंडावर खोकतो. पहिल्या वेळी मी बटणं दाबत पुढे गेलो होतो. आता माऊसवरचा हात निघाला. आर्थरला क्षय लागला तो इथे. म्हणजे शेवट इथेच ठरला होता आणि मी पुढे कित्येक तास शिकारी करत हिंडत होतो.

आम्ही सांगली-मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे. डॉ. वानलेसांच्या नावाची वाडी, क्षयाच्या सॅनेटोरियममुळे सगळ्या जिल्ह्याला माहीत. सहाव्या प्रकरणात आर्थरची उबळ थांबेना, तशी आजी आतून ओरडली, "कोण खोकतंय रं एवढं?" येऊन खुर्ची ओढून बसली. "ह्याला औषध न्हाई व्हय?" म्हटलं, आजी, हे १८९९ साल आहे, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ ला. डॉक्टरने त्याला कोरड्या, उबदार हवेत जाऊन विश्रांती घे एवढंच सांगितलंय. "हितंबी तेच सांगायचे," म्हणाली, आणि शेवटपर्यंत उठली नाही.

आता डायरी. माझ्यासाठी अख्ख्या गेममध्ये डायरीसारखी दुसरी गोष्ट नाही. आर्थर जे बघतो ते तिच्यात काढतो, प्राणी, पक्षी, माणसं, आणि हात इतका हलका की बंदूक धरणारा हात हाच का असं वाटतं. तो गेल्यावर ती टोळीतल्याच जॉनकडे येते. १९०७ मध्ये जॉन त्याच वहीत लिहितो, अक्षर वेगळं, चित्रं कच्ची, लहान पोराने काढल्यासारखी. काढता येत नाही तरी काढतोय! मी एक रविवार नुसती ती पानं उलटण्यात घालवला. मागे आर्थरची पानं, पुढे जॉनची. पुढचा भाग तो हाच.

आणि जॉनचं काय होतं ते २०१० च्या पहिल्या गेममध्ये आहेच. त्याचा काळ १९११. त्यात आर्थरचं नावही नाही, कारण तेव्हा हे पात्रच नव्हतं. पण दुसरा खेळून झाल्यावर जॉनचं ते गप्प राहणं फार लागतं. तिसऱ्या भागात कुणी त्याला आर्थरबद्दल बोलायला लावलं तर मला चालणार नाही. सेडी दक्षिण अमेरिकेचं म्हणते, चार्ल्स कॅनडाचं. जाऊ द्या त्यांना.

सध्या नव्या एसएसडीवर एक सेव्ह वेगळा ठेवलाय, दुसऱ्या प्रकरणातला. डाउन्सकडे अजून गेलेलो नाही. नकाशावर स्ट्रॉसची खूण दिसते. मी गळ घेऊन नदीवर जातो.