बोटातला बारकोड स्कॅनर, दिवाळी ते श्रावण: यंत्र बरं, पट्टी भिकार

“पट्टी वेगळी येत नाही सर. पूर्ण फिंगर असेंब्ली घ्यावी लागेल. ₹१,९००, वर जीएसटी, वर कुरिअर.”

₹६,५०० च्या यंत्राची बोटभर वेल्क्रो पट्टी तुटली, तर सर्व्हिसवाल्याचं हे उत्तर. फोन ठेवला तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. ब्रँडचं नाव देत नाही. हाच नग नुसता स्टिकर बदलून ऑनलाइन वेगवेगळ्या नावांनी मिळतो, त्यामुळे एकाच नावावर राग काढून उपयोग नाही. वर्णनावरून ओळखाल: काळा ठोकळा, अंगठ्याच्या बाजूला पिवळं बटण, खाली बोट घालायची पट्टी, टूडी इमेजर (म्हणजे फोटो काढून बारकोड आणि क्यूआर दोन्ही वाचणारा), ब्लूटूथ आणि सोबत एक डोंगल.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं बेअरिंग, ऑइल सील आणि व्ही-बेल्टचं दुकान आहे. बेअरिंगचे खोके ज्यांनी हाताळलेत त्यांना स्कॅनर का लागतो हे सांगायला नको. ६२०४ लोखंडी झाकणाचं आणि ६२०४ रबरी सीलचं, दोन्हीचं भोक २० मिलिमीटर, खोका तसाच, रंग तोच, फरक शेवटच्या अक्षरांचा. मिस्त्री गोकुळ शिरगावहून गाडी मारत येतो, घाईत चुकीचं घेऊन जातो, तासाभरात परत येतो आणि शिव्या खातं काउंटरवरचं पोरगं.

आधी मोबाईलच्या कॅमेऱ्यानेच स्कॅन करत होतो. पण हाताला ग्रीस असलं की स्क्रीन दाद देत नाही. त्यात मागच्या रॅकच्या बोळात उजेड कमी, कॅमेरा फोकस शोधत बसतो. पिस्तुलासारखा स्कॅनर घ्यावा तर शिडीवर एक हात शिडीला, एका हातात खोका, पिस्तूल धरायचं कशात? म्हणून बोटातला घेतला. तर्जनीत घालायचा, अंगठ्याने बटण दाबायचं, दोन्ही हात मोकळे. ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकातच सिम्बॉल कंपनीने बोटात स्कॅनर आणि मनगटावर छोटा कॉम्प्युटर अशी जोडी काढली होती, पार्सल हमालांसाठी. आता मनगटावरच्या कॉम्प्युटरची जागा खिशातल्या फोनने घेतली, एवढाच फरक.

वाचण्याच्या बाबतीत माझी तक्रार शून्य. फाटलेलं लेबल, तेलाचा डाग, वाकडा खोका, सगळं वाचतो. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर जुन्या खोक्याचा फोटो दाखवतं, तोही स्क्रीनवरून उचलतो. लेझरवाला स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, तो मोबाईलच्या स्क्रीनवरचा कोड वाचत नाही. त्याला स्वतःच्या लाल रेषेचा उजेड कागदावरून परत यावा लागतो, काचेवरून तो हवा तसा येत नाही.

आता पट्टी.

सगळा राग मी पट्टीवर का काढतोय असं वाटेल. पण ही वस्तू दिवसभर कातडीला चिकटून असते. फोन खिशात असतो, प्रिंटर टेबलावर असतो, हा बोटात असतो. कंपनीने आत चांगला इमेजर घातला, ब्लूटूथची चिप बरी घातली, आणि बोटाला मात्र शाळेच्या बुटाचं वेल्क्रो दिलं. पहिल्या महिन्यात त्याच्या आकड्यांत सुताचा चोथा अडकायला लागला. हात पुसायला आम्ही वेस्ट, म्हणजे सुताचा गुंता वापरतो, त्याचे धागे वेल्क्रोला आवडतात. मग पकड सुटते. मग ठोकळा बोटावर गोल फिरतो, आणि बटण अंगठ्याखालून निसटून तळव्याकडे जातं. पोरगं मग डाव्या हाताने उजव्या बोटातला स्कॅनर सरळ करतं. दोन हात मोकळे राहावेत म्हणून घेतलेल्या यंत्राने दोन्ही हात अडकवले.

उन्हाळ्यात घामाने पट्टी ओली. पावसाळ्यात तर ती वाळेचना. रात्री चार्जिंगला लावली तरी सकाळी दमट, आणि वास असा की पोरगं म्हणालं, “अण्णा, हे बोटात घालू का जोंधळ्यावर फवारू?” पट्टी आवळून घातली तर बोटाला वळ, सैल घातली तर अंगठा जास्त ताणावा लागतो आणि संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकतं. हे दुखणं बटणाचं आहे असं मी आधी समजत होतो. पट्टी बदलल्यावर दुखणं गेलं, बटण तेच आहे.

मोठ्या गोदामांसाठी जे अंगठी स्कॅनर बनतात, झेब्रासारख्या कंपन्यांचे, त्यांना पट्टी आणि बटणाचा भाग सुटा विकत मिळतो. दोन पाळ्यांत एकच यंत्र वेगवेगळे लोक वापरतात, तेव्हा ज्याची त्याची पट्टी वेगळी ठेवता येते. ते यंत्र आपल्या बजेटच्या कितीतरी पट महाग आहे, त्याची बरोबरी मागत नाही. पण पट्टीत काही इलेक्ट्रॉनिक्स नसतं हो! ती सुटी द्यायला कुणाचं काय जातं?

ब्लूटूथबद्दल. थंडीत मी एका ओळखीच्या दुकानदाराला सांगितलं होतं की घेऊ नको, रेंज बेकार आहे. ते मत आता बदललंय. झालं असं होतं की मागच्या बोळात पोरगं स्कॅन करायचं, बीप वाजायचा, आणि काउंटरवरच्या टॅबमध्ये मोजणी कमी यायची. पोरावर संशय, पोरगं रडकुंडीला. हा बीप स्कॅनरचा स्वतःचा असतो: कोड वाचला, एवढंच तो सांगतो. पुढे पोचला की नाही ते या सेटिंगमध्ये त्याला कळतच नाही. मध्ये लोखंडी रॅक, वर लोखंडी खोके, त्यात माणसाचं अंग आडवं, १० मीटरची ब्लूटूथ तिथे कुठून टिकणार. पुस्तिकेत मागच्या पानावर साठवण मोडचा बारकोड आहे. तो स्कॅन केला की सगळे कोड यंत्रातच जमा होतात, आणि काउंटरजवळ येऊन दुसरा बारकोड स्कॅन केला की एका दमात ओतले जातात. महिनाअखेरच्या स्टॉक मोजणीला आता हेच वापरतो, आणि आकडे जुळतात. त्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून भिंतीला लावली आहे. रेंजचे कापलेले गुण परत दिले.

दुसरी गंमत भाषेची. हा स्कॅनर फोनला किंवा कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून जोडला जातो. म्हणजे तो अक्षरं पाठवत नाही, कोणतं बटण दाबलं ते पाठवतो. पावतीवर गावाचं नाव टाकायला आम्ही कॉम्प्युटर इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी टायपिंगच्या कीबोर्डवर नेतो. तो तसाच राहिला आणि स्कॅन केलं, की बेअरिंगच्या नंबरातल्या ‘आरएस’च्या जागी ‘ईए’ उमटतं. कारण इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसकट त्या बटणांवर ई आणि ए आहेत. सॉफ्टवेअर म्हणतं, असा मालच नाही. स्कॅनर बिघडला म्हणून परत पाठवण्याआधी खालच्या कोपऱ्यातली भाषा बघा. मोबाईलवर याचाच भाऊबंद त्रास म्हणजे स्कॅनर जोडला की स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब होतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये फिजिकल कीबोर्ड शोधा, तिथे ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवायचा पर्याय आहे.

आणि टूडी घेतलात तर क्यूआर जपून. तो समोर येईल ते वाचतो. काउंटरवरच्या पेमेंटच्या क्यूआरवर चुकून बोट गेलं की बिलाच्या रकान्यात यूपीआयची लांबलचक ओळ. त्याहून वाईट म्हणजे होलसेलरच्या ई-इनव्हॉइसवरचा क्यूआर. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ते बंधनकारक झालं, त्यामुळे येणाऱ्या बऱ्याच बिलांवर तो चौकोन असतो. त्यात सही केलेला मजकूर असतो, शेकडो अक्षरांचा. स्कॅनर तो इमानेइतबारे एकेक अक्षर टाइप करत बसतो आणि आपण बघत बसायचं. पुस्तिकेतला क्यूआर बंद करायचा कोड स्कॅन करून हा विषय संपवला.

फौंड्रीवाल्यांसाठी एक ओळ: कास्टिंगवर ठिपके ठोकून जो डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखा चौकोनी कोड) काढतात, तो हा वाचत नाही. छापील लेबलावरचा डेटा मॅट्रिक्स झटक्यात वाचतो. पण लोखंडावर लोखंडाचाच ठिपका, काळं-पांढरं काही नाही, त्याला वेगळ्या प्रकाशयोजनेचा स्कॅनर लागतो आणि त्याची किंमत ऐकून परत याल. पांजरपोळातल्या एका कारखानदाराने माझ्यासमोर प्रयत्न करून बघितला आणि यंत्र माझ्या हातात परत ठेवलं.

माझा भाचा पुण्यात असतो, त्याला असल्या हातात घालायच्या वस्तूंचा नाद आहे. त्याने सुट्टीत पाचही बोटांत अडकवायचा टॅप स्ट्रॅप आणला होता. टेबलावर बोटं आपटून टाइप करायचं. एकेकट्या बोटाला इंग्रजीचे पाच स्वर, बाकी अक्षरं दोन-तीन बोटं मिळून. पाच बोटांच्या ३१ जुळण्या होतात, इंग्रजीची २६ अक्षरं त्यात बसतात. आपली बाराखडी बसवायला गेलात तर दुसऱ्याची बोटं उसनी आणावी लागतील. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने १९६८ मध्ये माउस जगाला दाखवला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या हाताखाली पाच कळांचा असाच एक कीबोर्ड होता. माउस घराघरात गेला, तो कीबोर्ड गेला नाही. आणि आता फेसबुकवाल्या मेटाने २०२५ मध्ये चष्म्याबरोबर मनगटाचा पट्टा काढला, स्नायूंतले विजेचे संकेत वाचणारा. भाचा त्याचं कौतुक सांगत होता. मी एकच विचारलं, सैल झाला तर? तो म्हणाला, “मामा, कातडीला नीट टेकायलाच लागतो.” म्हणजे तिथेही पट्टीच.

तर, सर्व्हिसवाला. दुसऱ्यांदा फोन केला. म्हटलं, वॉरंटीत आहे. म्हणाला, पट्टी ‘कन्झ्युमेबल’, वॉरंटीत येत नाही. म्हटलं, मग कन्झ्युमेबल विकत द्या. म्हणाला, सुटी येत नाही. म्हटलं, संपणारी वस्तू आहे पण मिळत नाही, हे कसलं शास्त्र? तर सर, तुमची तक्रार वर पाठवतो. वर कुठे ते काय कळलं नाही. शेवटी बजावून सांगितलं, लोकल पट्टी लावली तर वॉरंटी जाईल.

ती जाऊ दे म्हटलं. व्हर्निअर लावून खाच मोजली, १६ मिलिमीटर. मागच्या गल्लीत रिक्षाचे हूड आणि गाड्यांची सीटकव्हरं शिवणारे मामा आहेत. मी रेक्झिन सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “रेक्झिन घाम धरतंय. पोराच्या बोटाची साल काढायची हाय काय?” बॅगेच्या बंदाची नायलॉन पट्टी घेतली, आतून जुन्या सुती कापडाचा पदर शिवला, आणि वेल्क्रोऐवजी प्लास्टिकचं छोटं सरकतं बक्कल. पट्टी खाचेतून ओवली, टोक उलटं दुमडून शिवलं. बिल ₹६०. माझ्यासमोरच पोराच्या बोटात घालून, हात झटकायला लावून बघितलं. ठोकळा जागचा हलला नाही.

त्यालाही आता दीड-दोन महिने झाले. सुती पदर मळतो, पण बक्कल सोडून पट्टी काढता येते, साबणाने धुऊन पंख्याखाली टाकली की वाळते. म्हणून अशा दोन शिवून घेतल्या. एक तक्रार आहे: बक्कलाचा कंगोरा शेजारच्या बोटाला लागतो. मामा म्हणाले, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढव. चढवला.

बॅटरीबद्दल थोडक्यात. दिवस निघतो, स्टॉक मोजणीच्या दिवशी दुपारी एकदा लावावी लागते. चार्जिंगचं भोक टाइप-सी आहे, देव पावला. सोबतचा डोंगल मी उघडलाच नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर यंत्राला चार, पट्टीला शून्य, सर्व्हिसला त्याखाली काही असेल तर ते. मामांच्या पट्टीसकट धरलं तर पैसे वसूल. याच किमतीतला घेणार असाल तर मेगापिक्सेल आणि रेंज वाचत बसू नका, पट्टी कशी अडकवली आहे तेवढं फोटो मोठा करून बघा. आरपार खाच असेल तर घ्या, कोल्हापुरात कुणीही शिवून देईल. पट्टी प्लास्टिकच्या बॉडीत चिकटवून बसवलेली असेल तर स्वस्तात मिळाला तरी नको.

वॉरंटी दिवाळीपर्यंत आहे. मूळ पट्टीचे तुकडे गल्ल्यात ठेवलेत. यंत्र पाठवायची वेळ आलीच तर त्यांच्या तुकड्यांसकट पाठवेन.

दुसरा नग घ्यायचा विचार चाललाय, पण नवीन ठेवलेलं पोरगं डावखुरं आहे आणि या मॉडेलचं बटण एकाच बाजूला. डाव्या हातात घातलं की बटण करंगळीकडे जातं, उलटं घातलं तर इमेजर मनगटाकडे बघतो. मामांनीही हात टेकले. बटण दोन्ही बाजूंना फिरवता येतं असं, दहा हजारांच्या आतलं मॉडेल कुणी वापरलं असेल तर सांगा. आधी पट्टीचं सांगा, बाकीचं नंतर.