फिल्ड सेफ्टीचं प्रशिक्षण: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

भूजल सर्वेक्षणाच्या टीमसाठी दोन दिवसांचं हे प्रशिक्षण उन्हाळ्याच्या तोंडावर झालं. तेव्हापासून जालना, परभणी, हिंगोलीच्या शिवारांत विहिरींची पाणीपातळी घेताना ते रोज वापरात आहे.

सगळ्यात उपयोगी पडली ती सकाळची दहा मिनिटं. गाडी सुटण्याआधी सगळे एकत्र उभे राहतात, ड्रायव्हर आणि गावातून सोबत घेतलेला माणूससुद्धा. आज कुठल्या विहिरी, रेंज कुठे जाते, सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं (निघण्याआधी फोन करून खात्री करायची), आणि वाटेत लघवीला कुठे थांबायचं. हा शेवटचा मुद्दा फालतू वाटतो, पण उन्हाचा त्रास तिथूनच सुरू होतो. आडोसा मिळणार नाही म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि मे महिन्यात पारा ४२च्या वर गेला की दुपारी चक्कर येते. अशा वेळी ओआरएसची पाकिटं वाढवून काय होणार? 'थांबायचं का?' असं विचारलं तर कुणी हो म्हणत नाही. म्हणून दर दोन तासांनी न विचारता गाडी थांबते, पेट्रोल पंपावर नाहीतर झेडपीच्या शाळेत. त्यानंतर बाटल्या खरंच रिकाम्या व्हायला लागल्या.

दुसरा नियम 'थांबा'चा. कुणीही म्हणालं की काम बंद, कारण नंतर विचारायचं. पडीक विहिरीत पाणीपातळी मोजायचा टेप अडकला की एखादा उत्साही पोरगा 'मी उतरतो' म्हणतो, तिथे हा शब्द कामी येतो. अशा विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हवा तपासायला कंदील सोडून बघण्यावर विसंबू नये. टेप कापून टाकायचा, नवा आणता येतो.

वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप चांगलं आहे, पण रेंज नसेल तर कानच खरे. गडगडाट ऐकू आला की लिंबाखाली नाही, काचा वर करून गाडीत बसायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं तिथेच थांबायचं.

कायद्याचा भाग नीट शिकवला. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार संस्थेची गाडी आणि कामानिमित्त गेलेलं ठिकाणही कामाची जागाच धरलं जातं, आणि तक्रार ३ महिन्यांत द्यावी लागते. मात्र प्रशिक्षण देणाऱ्यांच्या नमुना आराखड्यात तक्रार टीमप्रमुखाकडेच जाते. तक्रार त्याच्याविरुद्धच असली तर? प्रत्येकाच्या ओळखपत्रामागे संस्थेच्या अंतर्गत तक्रार समितीचा नंबर चिकटवा.

जातीबद्दल प्रशिक्षणात अवाक्षर नाही. मराठवाड्यात फिल्ड करायचं आणि हा विषय टाळायचा, हे पटत नाही. वस्तीवर आडनाव विचारलं जातं, मग एकाला पाणी वेगळ्या ग्लासात येतं. आता सगळे पहिलं नाव आणि संस्था एवढंच सांगतात, आणि पाणी सगळेच आपापल्या बाटलीतलं पितात. एकाला ओसरीबाहेर ठेवलं तर अख्खी टीम बाहेर बसते.

कामं दिवसागणिक बदलण्याचा तक्ताही ठेवा, नाहीतर मुलींच्या हातात कायम वही आणि मुलांच्या हातात टेप राहतो.

प्रशिक्षण घ्यायचं असेल तर त्यात ड्रायव्हरसाठीही जागा आधीच मागून घ्या, ते आपणहून देत नाहीत. पावसात काळ्या मातीच्या पांदणीत गाडी घालायची की नाही हे त्यालाच कळतं, आणि रात्री झोप येते हे सांगायची मोकळीकही त्यालाच सगळ्यात जास्त लागते.