‘कंपनीतून आली तशीच आहे’ म्हणत गळ्यात मारलेली रायफल

गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, दुकानदारांच्या टेबलांमध्ये एखादा खाजगी विक्रेताही जुनी रायफल घेऊन बसलेला असतो. इथे टेक्सासात अशा व्यवहाराला पावती लागत नाही. त्याचाच फायदा घेऊन एकाने मला रेमिंग्टन ७०० गळ्यात मारली. काडतूस .३०८ विंचेस्टर, किंमत ५५० डॉलर. ‘कंपनीतून आली तशीच आहे, कुणी हात लावलेला नाही,’ हे त्याचं पालुपद.

नेम काही केल्या बसेना, म्हणून नवी नळी बसवायचं ठरवून गॅरेजमध्ये जुनी उतरवायला घेतली. या रायफलची मूळ नळी भारी हट्टी. व्हाइसमध्ये घट्ट आवळा, रिसीव्हरला, म्हणजे नळी ज्यात फिरवून बसवतात त्या मधल्या भागाला, त्याच्या मापाचा पाना लावा, तरी अनेकदा पान्यात लांब पाइप घालून अंगचा सगळा जोर काढावा लागतो. माझी एका हिसक्यात सुटली. तिथेच शंकेची पाल चुकचुकली.

नळी आणि रिसीव्हरच्या मध्ये वॉशरसारखी एक जाड चकती असते, रिकॉइल लग. ती तिरकी आवळलेली होती. कुंद्यात झाकल्या जाणाऱ्या भागावर पाइप पान्याच्या दातांचे ओरखडे, त्यावर काळं फासलेलं. जुन्या नळ्यांवर रिसीव्हरलगत डाव्या बाजूला कंपनीने महिना आणि वर्ष सांगणारी अक्षरं ठोकलेली असतात. तिथे चक्क कानस फिरवली होती!

पैसे गेले ते गेले, पण यात जिवाशी खेळ आहे. काडतूस बसतं ती नळीतली जागा म्हणजे चेंबर; ती काडतुसाच्या आकाराच्या पोलादी मापांनी, गेजनी, तपासतात. .३०८ च्या चेंबरचं गो गेज १.६३० इंचाचं, नो-गो १.६३४ चं. पहिल्यावर बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, मिटायला हवा, दुसऱ्यावर अडायला. नळी होती तशी परत आवळून पाहिलं, तर बोल्ट नो-गोवरही सहज मिटला. चेंबरमध्ये जागा जास्त उरली की काडतुसाचं पितळ ताणतं, फाटलं तर तापलेला वायू थेट तोंडावर येतो.

विक्रेत्याला फोन केला. ‘नळी तू उतरवलीस, आता मला काय सांगतोस?’ एवढं बोलून त्याने ठेवला.

तेव्हा तपासायचं ते पैसे देण्याआधी. रिकामी आहे याची खात्री करून कुंद्याचे स्क्रू काढायला लावा आणि नळीची खालची बाजू उजेडात बघा. गेज लावताना बोल्टमधली फायरिंग पिन आणि रिकामं काडतूस बाहेर फेकणारा इजेक्टर काढलेले हवेत, नाहीतर स्प्रिंगच्या रेट्यामुळे हाताला खरं कळत नाही. याला विक्रेता कां-कूं करायला लागला, तर रायफल टेबलावर ठेवून सरळ पुढे निघा.